मोलची गणितं नेमकी कुठे चुकतात? या चुका टाळा

अकरावीच्या रसायनशास्त्राचा पहिलाच धडा, आणि त्यातली मोलची उदाहरणं. (डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ कण.) ग्रॅमचे मोल, मोलचे रेणू, मोलवरून वायूचं आकारमान. गुणाकार-भागाकारापलीकडे यात फारसं काही नाही, तरी गुण जातात. उत्तरपत्रिका बघितल्या तर आकडेमोड बहुतेकांची बरोबरच असते. घोळ होतो तो त्याच्या आधी. पदार्थ वायू आहे की नाही, कोणत्या रूपात आहे, आणि मोल नेमके कशाचे, हे न विचारताच पोरं भागाकाराला बसतात.

२२.४ दिसेल तिथे लावणं

सगळ्यात जास्त गुण खाणारी चूक हीच. 'एक मोल म्हणजे २२.४ लिटर' एवढं पाठ असतं, पुढच्या अटी विसरलेल्या असतात. मग १८ ग्रॅम पाण्याचं आकारमान विचारलं की उत्तर येतं २२.४ लिटर. घोटभर पाण्यात बादली भरली! १८ ग्रॅम पाणी जेमतेम १८ मिलिलिटर. द्रव किंवा स्थायू असेल तर वस्तुमानाला घनतेने भागा, २२.४ चं तिथे काही काम नाही.

वायू असला तरी प्रश्न संपत नाही. २२.४ लिटर हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फियर दाबाचा. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, त्या दाबाला आणि त्याच ० अंशाला एक मोल वायू २२.७ लिटर जागा घेतो. त्यामुळे एका पुस्तकात २२.४ आणि दुसऱ्यात २२.७ दिसतं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दाब वेगळा. प्रश्नात बार आहे की ॲटमॉस्फियर ते बघा, आणि काहीच दिलं नसेल तर आपण कोणता दाब धरला ते उत्तरात लिहा.

आता गोव्यात ० अंश कुठे मिळणार? फ्रीजरमध्येच. प्रयोगशाळेत ३० अंश सहज असतात, आणि त्या तापमानाला १ ॲटमॉस्फियरवर एक मोल वायू सुमारे २४.९ लिटर भरतो. हा फरक ११ टक्क्यांचा आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

प्रात्यक्षिकात हे कसं दिसतं बघा. ०.२३३ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत आम्लात टाकली आणि हायड्रोजन पाण्यावर गोळा केला. तापमान ३० अंश, दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर (म्हणजे १ ॲटमॉस्फियर), आकारमान भरलं २४९ मिलिलिटर. २२,४०० मिलिलिटरने भागलं तर ०.०१११ मोल. पण फितीत मॅग्नेशियम होतं ०.२३३ भागिले २४.३, म्हणजे ०.००९५९ मोल, आणि मॅग्नेशियमच्या एका मोलमागे हायड्रोजन एकच मोल सुटतो. धातूच्या हिशेबाने सुटायला हवा त्यापेक्षा १६ टक्के जास्त हायड्रोजन आला कुठून?

इथे बरेच जण मोजनळीला दोष देऊन मोकळे होतात. नळी बिचारी बरोबर असते. २२,४०० च्या जागी २४,९०० घ्या, ०.०१०० मोल येतात. तरी थोडं जास्तच आहे, कारण नळीत नुसता हायड्रोजन नाही, पाण्याची वाफही आहे. ३० अंशाला तिचा दाब ३१.८ मिलिमीटर. तो वजा केला की कोरड्या हायड्रोजनच्या वाट्याला ७२८.२ उरतो. ०.०१०० ला ७२८.२ ने गुणून ७६० ने भागा, ०.००९५८. हिशेब जुळला.

मोरचुदातलं पाणी

फोंडा, सत्तरीकडच्या कुळागरांत (पोफळीच्या बागांत) पावसाळ्यात पोफळींवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारतात: एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना. या एक किलो मोरचुदात तांबं किती? सूत्रातून फक्त कॉपर सल्फेट उचललं की मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) १५९.६ धरलं जातं, ६.२७ मोल येतात आणि तांबं ३९८ ग्रॅम. पण दुकानात मिळणारे निळे खडे म्हणजे एका मोलमागे पाण्याचे पाच मोल धरून बसलेलं कॉपर सल्फेट, मोलर वस्तुमान २४९.७. मोल भरतात ४.००, तांबं २५४ ग्रॅम. खडे तापवून पांढरी पूड केली असेल तरच १५९.६ चालेल. तेव्हा बाटलीवरचं लेबल शेवटपर्यंत वाचा. धुण्याचा सोडा, जिप्सम, हिराकस, सगळीकडे हीच भानगड आहे.

मोल कशाचे?

'एक मोल ऑक्सिजन' यात प्रश्न अर्धाच आहे. रेणूंचा मोल असेल तर ३२ ग्रॅम, अणूंचा असेल तर १६. गंधकाच्या रेणूत आठ अणू, म्हणून ३२ ग्रॅम गंधकात अणूंचा एक मोल पण रेणूंचा फक्त एक अष्टमांश. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ घेतलं तर तिथे रेणू नसतातच. ५८.५ ग्रॅम मिठात सोडियमचे आयन ६.०२२ × १०^२३ आणि क्लोराइडचे तितकेच, मिळून दुप्पट. आकड्यापुढे नुसतं 'मोल' लिहू नका, 'मोल ऑक्सिजन अणू' असं पुरतं लिहा. हाताला जरा जास्त काम, पण निम्म्या चुका तिथेच थांबतात.

मोलचं प्रमाण वजनाला लावणं

फेरिक ऑक्साइडच्या एका मोलपासून लोखंडाचे दोन मोल. बरोबर. म्हणून एक टनापासून दोन टन? असं झालं असतं तर डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणवाल्यांनी सोन्याकडे बघितलंही नसतं! १५९.७ ग्रॅमपासून १११.७ ग्रॅम, म्हणजे शुद्ध ऑक्साइडच्या टनाला सुमारे ७०० किलो लोखंड. समीकरणातले आकडे मोलचे असतात, वजनाचे नव्हेत. ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी नको, मधे मोलवर थांबावंच लागतं.

यातच आणखी एक फसगत. खनिज '५८ टक्क्यांचं' असं म्हणतात तेव्हा ते ५८ टक्के लोखंड असतं, ५८ टक्के ऑक्साइड नव्हे. ऑक्साइड काढायचं तर ५८ ला ०.६९९ ने भागा, सुमारे ८३ टक्के येईल.

कॅल्क्युलेटरचा चावटपणा

३.०११ × १०^२३ रेणूंचे मोल काढताना सरळ ओळीने ३.०११ × १०^२३ ÷ ६.०२२ × १०^२३ असं दाबलं, तर यंत्र भागल्यानंतर शेवटच्या १०^२३ ने पुन्हा गुणतं. उत्तर ५ × १०^४५ मोल. पाण्याचे एवढे मोल घेतले तर सूर्याचं वस्तुमानही त्यापुढे किरकोळ ठरेल, पण उत्तरपत्रिकेत ते बिनदिक्कत उतरवलेलं असतं. खालच्या आकड्याला कंस करा, किंवा घातांकाची कळ वापरा. त्याहून सोपं म्हणजे यंत्र बाजूला ठेवा: वरचा १०^२३ आणि खालचा १०^२३ कटतात, ३.०११ भागिले ६.०२२, अर्धा मोल.