काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

राजेहो, दर्यापूरहून अकोटला जाताना भर उन्हात माझी जुनी पेट्रोल गाडी बंद पडली. काटा मात्र अर्ध्यावर! तासभर पऱ्हाटीच्या बांधावर बसलो.

काटा बिघडला की लोक आधी मीटर खोलतात. काहून? आधी फ्यूज पाहा. तापमानाचा काटाही मेला असेल तर दोष बहुधा तिथंच. तो चालत असेल तर मागची सीट उचला. माझ्या गाडीत टाकीवरचं झाकण त्याखाली आहे. टाकीत फ्लोट, म्हणजे तरंगणारा गोळा असतो. पेट्रोलसंगं तो वर-खाली होतो, त्याची दांडी रेझिस्टन्सच्या (विजेला अडथळा करणाऱ्या) पट्टीवर सरकते, म्हणून काटा हलतो. या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात.

टाकी न उघडता, चावी बंद ठेवून सेंडरची वायर सोडवा, बॉडीला पक्की जोडा, मग क्षणभर चावी फिरवा. काटा एका टोकाला पळाला तर मीटर अन् वायर ठीक. दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. हलला नाही तर वायर तपासा, मग मीटर. हा प्रयोग जुन्या, साध्या काट्यांपुरताच. कॉम्प्युटरवाल्या गाडीत नको, अन् पंपाच्या वायरला तर हातच लावू नका.

माझा काटा पळाला. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून, मोकळ्या अंगणात सेंडर बाहेर घेतला. शेजारचे काका बिडी पेटवूनच पाहायला आले, त्यांना फाटकाबाहेर पिटाळलं! दांडी वाकून अडकली होती. सरळ केली, मल्टीमीटर लावून फ्लोट हलवला. आकडा सलग बदलला. रबरी वॉशर मात्र नवाच टाका, जुना गळतो.