मीटर वाजला की गाडी परत पाठवू नका: भंगाराच्या काट्यावर होणाऱ्या चुका

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या वजनकाट्यावर माझी सात वर्षं गेली. किरणोत्सर्ग तपासायला हातातला एक मीटर, एक रजिस्टर, आणि मागं हॉर्न वाजवणाऱ्या गाड्यांची रांग. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली आणि महागाची चूक म्हणजे मीटर वाजला की ड्रायव्हरला "ही गाडी आमच्यात नको" म्हणून वळवणं. आपल्या गेटवरची पीडा टळते, पण किरणोत्सर्गी माल नाहीसा होत नाही. गाडी पुढच्या भंगारवाल्याकडं, नाहीतर हायवेनं कराड-साताऱ्याकडं निघून जाते आणि तिचा माग तुटतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत असाच माल उघड्यावर आला होता. विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं गॅमा यंत्र भंगारात फोडलं गेलं, आतलं कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी धातू बाहेर पडलं, एक कामगार दगावला. भट्टीत वितळलं तर आणखी वाईट, कारण मग ते प्रत्येक कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, जातं. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं होतं. त्यातलं पोलाद भारतातून गेलेलं होतं.

म्हणून गाडी आवारातच, माणसांपासून लांब उभी करा. ताडपत्री सोडू नका, "बघू तरी काय आहे" म्हणून कुणी हात घालू नये. अंतर दुप्पट केलं की छोट्या स्रोताचा मारा चौपट कमी होतो, त्यामुळं लांब राहणं हाच खरा बचाव. मास्क किंवा रेनकोटनं गॅमा किरण अडत नाहीत. मग ११२ ला फोन, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवणं.

दुसरी चूक लक्षात यायला मला वर्ष लागलं. रोज सकाळी परिसराचा मूळ आकडा नोंदवायचा असतो. एरवी तो तासाला ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या (हे किरणोत्सर्गाच्या माऱ्याचं एकक) आसपास असतो. मी तो केबिनच्या दारात उभा राहून घ्यायचो. दाराला लागून झिरकॉन वाळूची पोती रचलेली! फाउंड्रीत लागणाऱ्या या वाळूत युरेनियम-थोरियमचा अंश नैसर्गिकच असतो. माझा मूळ आकडाच फुगलेला, मग गाडीचा आकडा त्यापुढं साधाच दिसणार. शिवाय भरलेली गाडी जमिनीचा किरणोत्सर्ग थोडा अडवते, म्हणून काट्यावर आकडा उलट खालीच येतो. मूळ आकडा मोकळ्या जागी, रोज एकाच ठिकाणी घ्या.

आता पोटॅश. द्राक्षाच्या हंगामात तासगावकडं जाणारा खताचा ट्रक आमच्या काट्यावर वजनाला आला आणि मीटर वाजायला लागला. "अवो साहेब, खत हाय की, बाँब न्हाय!" ड्रायव्हर हसत होता, आणि बरोबर बोलत होता. पोटॅशमध्ये पोटॅशियम-४० हा नैसर्गिक किरणोत्सर्गी अंश असतोच. पण त्यानंतर दोन महिने मी प्रत्येक बीपला मनात खत म्हणत सह्या मारल्या. ही चूक आधीच्या दोन्हींपेक्षा वाईट, कारण ती अनुभवाच्या जोरावर होते. खताचा आकडा सगळ्या हौद्यावर साधारण सारखा असतो. एकाच ठिकाणी मीटरचा आकडा उसळला तर बिल्टीवर (मालाच्या कागदावर) काहीही लिहिलेलं असो, गाडी थांबवा.

मीटर भरभर फिरवू नका, त्याला आकडा धरायला काही सेकंद लागतात. बॅटरी रोज बघा. शून्य दाखवणारा मीटर म्हणजे बिघाड समजा. अतितीव्र किरणोत्सर्गात काही जुने मीटर गप्प होतात.

गाडीतला माणूसही मीटर वाजवू शकतो, हे विसरलं तर गडबड होते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे जास्त. थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ दिलेला रुग्ण पुढं कित्येक दिवस मीटर वाजवू शकतो, कारण या आयोडीनचा किरणोत्सर्ग निम्मा व्हायला ८ दिवस लागतात. ड्रायव्हर-क्लीनरला उतरवून लांब उभं करा आणि रिकाम्या केबिनचं पुन्हा मोजा. आकडा पडला तर त्याच्याकडं दवाखान्याचा कागद बाजूला घेऊन मागा. सगळ्या रांगेसमोर त्याचं आजारपण विचारत बसू नका.

रजिस्टरात "बीप आला, सोडली" एवढंच लिहू नका. मूळ आकडा, गाडीचा सर्वांत मोठा आकडा, तो हौद्यात कुठं आला, वेळ, मोजणाऱ्याचं नाव लिहा. माझ्या जुन्या पानांवर यातलं एकही नाही.