इंग्लंडमधील शाळांच्या धर्मशिक्षण अभ्यासक्रमाबाबत आपले म्हणणे कसे मांडावे

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण अनिवार्य असले, तरी तो विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात मोडत नाही. त्यात काय शिकवायचे हे त्या त्या भागातील काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, पातळीवर ठरते आणि 1996 च्या शिक्षण कायद्यानुसार किमान दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. तेथे राहणाऱ्या मराठी पालकांनाही यात भाग घेता येतो. मात्र मसुदा जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा तयारी आधीच केलेली बरी.

प्रथम आपल्या मुलाच्या शाळेला हा अभ्यासक्रम लागू आहे का, ते पाहावे. काउन्सिलच्या, विशिष्ट धर्माशी न जोडलेल्या शाळांना तो बंधनकारक असतो. अकादमी शाळांवर, म्हणजे सरकारी पैशाने पण काउन्सिलऐवजी ट्रस्टमार्फत चालणाऱ्या शाळांवर, तसे बंधन नसते, त्यामुळे तेथील पालकांनी आपले म्हणणे शाळेच्या ट्रस्टकडे मांडावे.

त्यानंतर काउन्सिलच्या धर्मशिक्षण सल्लागार मंडळाची माहिती काढावी. ‘सॅक्रे’ या नावाने ओळखले जाणारे हे मंडळ प्रत्येक काउन्सिलला नेमावेच लागते. त्याच्या बैठका सामान्यतः लोकांसाठी खुल्या असतात आणि पुढील फेरविचार केव्हा होणार, हे त्याच्या इतिवृत्तांवरून कळते. अभ्यासक्रम मात्र हे मंडळ नव्हे, तर त्यासाठी बोलावलेली स्वतंत्र परिषद सुचवते. तिच्यात चार गट असतात: चर्च ऑफ इंग्लंडचा, इतर ख्रिस्ती पंथ व अन्य धर्मांचा, शिक्षक संघटनांचा आणि काउन्सिलचा. प्रत्येक गटाला एक मत असते आणि चारही गटांचे एकमत झाल्याशिवाय शिफारस पुढे जात नाही. म्हणूनच शेकडो सह्यांच्या निवेदनापेक्षा एका गटाला पटलेला मुद्दा अधिक कामी येतो, असे मला वाटते. हिंदू प्रतिनिधी दुसऱ्या गटात बसतात. त्यांना आधी गाठावे, आणि ती जागा रिकामी असेल तर स्थानिक मंदिराने किंवा संस्थेने नाव सुचवावे. 2023 मध्ये केंट काउन्सिलने एका मानवतावाद्याला (कोणताही धर्म न मानता माणसाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्याला) सॅक्रेच्या या गटात घेण्यास दिलेला नकार उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. गटात कोण बसते याला किती महत्त्व आहे, ते यावरून दिसते.

मसुदा हाती आल्यावर कायद्याची चौकट समजून घ्यावी. ब्रिटनमधील धर्मपरंपरा प्रामुख्याने ख्रिस्ती आहेत हे अभ्यासक्रमात दिसले पाहिजे, आणि तेथील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचारही विचारात घेतले पाहिजेत, असे कायदा सांगतो. त्यामुळे ख्रिस्ती धर्म वगळण्याची मागणी वाया जाते. मुलांकडून मनाचे श्लोक श्रद्धेने म्हणवून घ्यावेत, ही अपेक्षाही येथे गैरलागू आहे. या विषयात धर्मांविषयी शिकवतात, मुलांना धार्मिक करणे हा त्याचा हेतू नसतो.

अभिप्राय लिहिताना पान, वाक्य, आक्षेप आणि पर्यायी मजकूर या क्रमाने लिहावे. ‘हिंदू शाकाहारी असतात’ असे वाक्य आढळले, तर कोकणातल्या कितीतरी घरांत माशांशिवाय जेवण होत नाही हे सांगून ‘अनेक हिंदू’ असा बदल सुचवावा. हिंदू धर्म केवळ दिवाळी आणि राम-सीतेच्या कथेपुरता उरला असेल, तर पंढरीची वारी, जनाबाईंचे अभंग किंवा कुळाचार यांतले एखादेच उदाहरण, कोणत्या वयाच्या मुलांसाठी, हे स्पष्ट करून द्यावे. या विषयाला वेळ थोडा मिळतो, म्हणून नवे काही सुचवताना काय गाळता येईल हेही लिहावे. शिक्षकांच्या गटाला नेमका याच प्रश्नाचा विचार करावा लागतो. मराठी मंडळातील सर्वांनी एकच मजकूर पाठवण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातील रीत सांगितली, तर अभिप्राय अधिक विश्वासार्ह वाटतो.

अभ्यासक्रम मंजूर झाला की शाळेकडून त्या वर्षाची पाठयोजना मागवावी, कारण पाठ्यपुस्तक आणि उदाहरणे निवडण्याचे बरेचसे स्वातंत्र्य शिक्षकांकडेच राहते. एवढे करूनही समाधान झाले नाही, तर मुलाला या तासातून पूर्णतः किंवा अंशतः वगळण्याची मागणी करण्याचा हक्क पालकांना आहे.