महानगर प्रदेशात पाणी, रस्ता, वीज आणि मलवाहिनी यांच्या कामांची सांगड कशी घालावी

पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयातून, निघालेले पाणी छत्रपती संभाजीनगरात पोहोचेपर्यंत सुमारे ५० किलोमीटरचा पट्टा ओलांडते. त्या पट्ट्यात महामार्ग, जलवाहिन्या, महावितरणचे खांब, बिडकीनचे औद्योगिक क्षेत्र आणि ग्रामपंचायतींच्या नळयोजना आहेत, आणि प्रत्येकाचे खाते, निधी व निविदा वेगळ्या आहेत. पैठण रस्त्याचे रुंदीकरण आणि २५०० मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी एकाच पट्ट्यात आल्यावर आखणीचा जो प्रश्न उभा राहिला, तो दोन्ही आराखडे आधीच एका टेबलावर आले असते तर कागदावरच सुटला असता.

म्हणून सुरुवात संपूर्ण महानगर प्रदेशापासून न करता एका पट्ट्यापासून करावी, आणि त्याची हद्द महापालिकेच्या सीमेवरून न आखता पाण्याच्या वाटेवरून आखावी. शहरातून आणि वाळूज परिसरातून वाहणारी खाम नदी पुढे नाथसागरालाच मिळते. वरच्या भागातील सांडपाणी आणि शहराचे पिण्याचे पाणी हे दोन विषय दोन स्वतंत्र बैठकांत हाताळणे योग्य नाही.

त्यानंतर सर्व खात्यांचा एकच नकाशा करावा. प्रत्येक खात्याकडून केवळ कागद मागवून भागत नाही. साखळी क्रमांकानुसार, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरानुसार, संयुक्त पाहणी करावी आणि जिथे शंका असेल तिथे चाचणी खड्डा घेऊन वाहिनीची खोली प्रत्यक्ष मोजावी. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वाहिनीखालची भर आणि सांधे यांची नोंदही नकाशावर हवी. व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकण नव्या डांबराखाली गाडले गेले, तर गळतीच्या दिवशी कर्मचारी पहारीने रस्ता ठोकत ते शोधत बसतात आणि तोवर पाणी वाहतच राहते. झाकण रस्त्याच्या नव्या पातळीला उचलण्याची अट रस्त्याच्या निविदेतच घालावी.

कामांचा क्रम साधा आहे: सर्वांत खोल असलेली मलवाहिनी आधी, मग जलवाहिनी, मग केबल आणि शेवटी रस्ता. तो मोडतो पैशामुळे, कारण रस्त्याचा निधी मार्चअखेर खर्चायचा असतो आणि मलवाहिनीला अजून तांत्रिक मान्यताही नसते. यावर उपाय असा की पट्ट्यासाठी सर्व खात्यांचा समन्वय पाहणारा एकच नोडल अधिकारी नेमावा आणि भूमिगत वाहिन्यांचा दाखला त्याने दिल्याशिवाय रस्त्याचा कार्यादेश निघू नये, अंतिम देयकही अदा होऊ नये. देयक रोखण्याचा अधिकार नसलेला समन्वयक केवळ इतिवृत्त लिहीत राहतो, हे माझे ठाम मत आहे.

हा अधिकारी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात बसवावा. २०१६ च्या राज्य अधिनियमाने अशा प्राधिकरणांची चौकट दिलेली आहे. मात्र १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार महानगर क्षेत्राच्या विकास आराखड्याचा मसुदा करणाऱ्या महानगर नियोजन समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून व पंचायतींच्या अध्यक्षांतून निवडले जायला हवेत, ही तरतूद विसरू नये. ज्या गावाच्या शिवारातून शहराची जलवाहिनी जाते, त्या गावाला पाणी कोणत्या दराने मिळेल आणि देखभालीचा खर्च कोण उचलेल, हे भूसंपादनाची नोटीस निघण्यापूर्वी ग्रामसभेत सांगून लेखी करारात नमूद करावे.