नागपूरच्या काळ्या मातीत कण्हेर, बोगनवेल, चाफा कसे लावावेत

कण्हेर, बोगनवेल, पांढरा चाफा, टेकोमा, कोरांटी, सदाफुली. एकदा मूळ धरलं की मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन ही झाडं सहज काढतात. नागपुरात ती मरतात ती ऑगस्टमध्ये, मुळं कुजून. म्हणून पाणी कुठून आणायचं याआधी पाणी कुठून जाईल ते ठरवा.

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन येणारी जागा निवडा.

आता वाफा. इथेच सगळं बिघडतं. रोपवाटिकेत हमखास सांगतात, की दोन फूट खोल खड्डा करा, तळाला गिट्टी टाका, वर रेती आणि शेणखत भरा. काळ्या मातीत हे अजिबात करू नका. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. तिच्यात खोदून भुसभुशीत भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला टब. चारी बाजूंचं पाणी त्यात उतरतं आणि त्याला बाहेर वाट नसते. तळाची गिट्टीही काही करत नाही, कारण वरची बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खाली गिट्टीत उतरतच नाही. काळ्या मातीत घमेलंभर रेती मिसळण्याचा सल्लाही तितकाच निरुपयोगी, उन्हाळ्यात तिची वीट होते.

त्याऐवजी जमिनीच्या वर या. दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद वाफा बांधा, कडा उतरत्या ठेवा. भरण्यासाठी दोन घमेली काळी माती, दोन घमेली मुरूम आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, हे प्रमाण. मुरूम चाळून भुकटी काढून टाका. वाटाण्यापासून सुपारीएवढे खडे हवेत. भुकटी राहिली तर ती चिकणमातीत बसून वाफा पुन्हा घट्ट होतो. खालची जमीन फक्त वरवर कुदळीने फोडा. वाफ्याच्या उताराकडे वीतभर खोल चर काढा आणि तो अंगणाबाहेर न्या. हा चर टाळाल तर बाकी मेहनत वाया जाईल.

पहिल्या पावसाळ्यात वाफा बसतो. म्हणून रोपाचा मातीचा गोळा पृष्ठभागापेक्षा दोन इंच वर राहील असं लावा. खोड मातीत गाडू नका.

लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. बोगनवेलीची पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने कापा. तिची मुळं हलली की रोप महिनाभर रुसतं. पाऊस सुरू झाला की बुंध्याभोवतीचं आळं मोडून टाका.

ऑगस्टमध्ये माती ओली असूनही पानं मलूल दिसली, खालची पिवळी पडली, तर पाणी घालू नका. ते तहानेचं लक्षण नाही, मुळं गुदमरल्याचं आहे. चर मोकळा करा, बुंध्याजवळची माती बाजूला सारा. सदाफुली यात सर्वात आधी जाते, तिला वाफ्याच्या सर्वात उंच भागावर जागा द्या.

पाऊस संपल्यावर आळं परत करा. पहिल्या वर्षी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, झाडामागे आठ-दहा लिटर पाणी. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. दुसऱ्या उन्हाळ्यापासून दहा-बारा दिवसांनी पुरे. मार्चमध्ये वाळल्या पानांचा तीन इंचांचा थर पसरा, खोडापासून चार बोटं दूर. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपला, ढग जमू लागले, की तो काढा.

हिवाळ्यात चाफ्याची पानं गळतात. झाड मेलेलं नसतं, त्याला तेव्हा पाणी जवळजवळ नकोच.

बोगनवेलीला युरिया घालू नका, नुसता पाला माजतो. तिची आणि कण्हेरीची छाटणी ऑक्टोबरमध्ये करा. फुलं नव्या फांद्यांवर येतात. कण्हेर नखशिखांत विषारी आहे. छाटताना हातमोजे घाला, फांद्या जाळू नका, गाय-बकरीच्या तोंडाशी पडतील अशा ठिकाणी टाकू नका.