लॅटिनो सोरॉरिटी-फ्रॅटर्निटीच्या नॅशनल कन्व्हेन्शनच्या आठवणी कशा गोळा करायच्या

अमेरिकेत शिकायला गेले तेव्हा मी एका लॅटिना सोरॉरिटीची, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेची, मेंबर झाले (मुलांची असते ती फ्रॅटर्निटी). मराठी मुलगी तिकडे कशी काय, हे घरचे अजूनही विचारतात, तर यातल्या बऱ्याच संघटना लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळांच्या, विद्यार्थ्यांनी उभ्या केल्यात पण दार सगळ्यांना उघडं असतं, आणि मला परक्या गावात पहिल्यांदा जेवायला कुणी बोलावलं असेल तर ह्याच मुलींनी. आता गेली काही वर्षं आमच्या नॅशनल कन्व्हेन्शनला, म्हणजे देशभरातल्या शाखांच्या मेळाव्याला, जमणाऱ्या मेंबरांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम मी करते. असं काम तुमच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या शाखेत, तुमच्याकडे आलं असेल तर काय करायचं ते सविस्तर लिहितेय, कारण मला पहिल्या वर्षी सांगणारं कुणी नव्हतं आणि त्या वर्षीचं जवळपास सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं.

वाया का गेलं ते आधी सांगते. मी बँक्वेटच्या रात्री बॉलरूमच्या दाराशी फोन घेऊन उभी राहिले आणि येईल तिला विचारलं, कसं वाटतंय? सगळ्या म्हणाल्या खूप छान, खूप भारी, माझं कुटुंब आहे हे. मागे डीजे चालू, कुणाचं नाव नीट ऐकू येत नाही, आणि तीसेक क्लिपांमध्ये एक वाक्य असं नाही की जे फक्त त्याच बाईचं आहे. मनापासूनच बोलत होत्या त्या, प्रश्नच चुकीचा होता.

जायच्या आधी

कुणाला आधी गाठायचं हे वयावरून ठरवा. पदावरून ठरवू नका. ह्या संघटनांचा इतिहास थोडा माहीत असला की घाई का आहे ते कळतं. फाय आयोटा अल्फा ही फ्रॅटर्निटी १९३१ सालची, रेन्सेलिअर पॉलिटेक्निकमधली, आणि तिची मुळं १८९८ च्या उनिओन इस्पानो अमेरिकाना ह्या विद्यार्थी संघटनेपर्यंत जातात, तिथल्या पहिल्या पिढीला विचारायची वेळ कधीच निघून गेली. पण लॅम्डा थीटा फाय आणि लॅम्डा थीटा अल्फा ह्या दोन्ही १९७५ साली न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात सुरू झाल्या, म्हणजे तेव्हा वीस वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत. आयोवा युनिव्हर्सिटीत १९८६ ला सिग्मा लॅम्डा बीटा आणि १९९० ला सिग्मा लॅम्डा गॅमा, त्या पिढीची मुलं आता कॉलेजात जातायत. म्हणजे पहिली माणसं अजून हॉटेलच्या लॉबीत भेटू शकतात, आणि बाकीच्या जुन्या अमेरिकन संघटनांकडे हे भाग्य आता उरलेलं नाही.

तर रजिस्ट्रेशन बघणाऱ्यांकडे विनंती करा की कोण कुठल्या वर्षी क्रॉस झालंय, म्हणजे पक्कं मेंबर झालंय, ते बघून सगळ्यात जुन्या दहा-बारा जणांना तुमचा निरोप पोचवावा, फोन नंबर मागू नका, ज्यांना बोलायचंय त्या स्वतः कळवतात. नॅशनल बोर्डाची परवानगी लेखी घ्या. आणि एक खोली. मीटिंग रूम मिळाली तरी नको, तिथे एसीचा घुंऽऽ आवाज सगळ्या रेकॉर्डिंगवर बसतो, त्यापेक्षा तुमची स्वतःची हॉटेलची खोली चांगली, पडदे, गादी, कार्पेट असल्यामुळे आवाज घुमत नाही, फक्त एसी बंद करा आणि छोटा फ्रिज असेल तर तोही.

वेळ कुठली निवडायची हे मला तीन कन्व्हेन्शन्स गेल्यावर समजलं. बिझनेस सेशन चालू असताना कुणाला उठवू नका, तिथे मतदान असतं आणि डेलिगेटला चॅप्टरने पैसे जमवून पाठवलेलं असतं. बँक्वेटच्या आधी सगळ्या केस-मेकअपच्या गडबडीत असतात. चांगल्या वेळा दोनच. एक म्हणजे बँक्वेटनंतर रात्री उशिरा, हिल्स काढून हातात घेतलेल्या बायका कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसतात तेव्हा, आणि दुसरी रविवारी सकाळी बॅगा भरून एअरपोर्टच्या शटलची वाट बघताना. त्या सकाळी माणूस निघायच्या तयारीत असतं आणि जे चार दिवस बोलायचं राहिलं ते बोलून टाकतं.

रेकॉर्ड बटण दाबायच्या आधी

समोर बसलेल्या व्यक्तीला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की विधी, शपथ, गुप्त खुणा, ह्यातलं काहीही मी विचारणार नाही आणि चुकून बोललं गेलं तर काढून टाकेन. हे ऐकलं की माणसं सैल होतात, नाहीतर प्रत्येक वाक्याला मनात गाळणी लावत बसतात. तुम्ही दुसऱ्या संघटनेचे असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि इथे मी खरंच कळकळीने सांगतेय. बऱ्याच मेंबरांच्या घरी कुणाकडे तरी अमेरिकेत राहायची कागदपत्रं नव्हती किंवा आजही नाहीत, आणि कन्व्हेन्शनच्या आठवणीत ते येतंच, की मला विमानाने जायची भीती वाटायची म्हणून सगळ्या जणी माझ्यासाठी व्हॅनने आल्या. इतकी सुंदर आठवण, पण तिच्यात नाव, गाव, रस्ता सगळं असतं. असं काही आलं की तिथेच थांबवून विचारा, हे ठेवायचं का, ठेवायचं तर नावाशिवाय का, आणि त्यांना दोन आठवड्यांनी परत विचारा कारण रात्रीचं हो सकाळी नाही होऊ शकतं. कुणी आपल्या प्लेजिंगच्या, म्हणजे मेंबर व्हायच्या आधीच्या उमेदवारीच्या, काळात झालेल्या त्रासाबद्दल बोललं तर खोदून विचारू नका, पण संघटनेची बदनामी होईल म्हणून परस्पर कापूही नका. ते ठेवायचं की नाही हे सांगणारीच ठरवते, बोर्ड नाही.

परवानगीचा कागद एक पानाचा पुरे. कुठे ठेवणार, कोण ऐकणार, नाव दिसणार की नाही, आणि नंतर मन बदललं तर काय, एवढं साध्या भाषेत लिहा, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत.

काय विचारायचं

माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे, पहिल्या कन्व्हेन्शनला तुम्ही पोचलात कशा? बस्स. ह्या एका प्रश्नातून गाडी कुणाची होती, पेट्रोलचे पैसे कुणी दिले, पैसे जमवायला चॅप्टरने काय विकलं, आईला काय सांगून निघालात, एका खोलीत किती जणी झोपलात, सगळं आपोआप येतं. आई-वडलांचं उत्तर तर हमखास विचारा. घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच मुलगी आणि ती तीन दिवस दुसऱ्या राज्यात हॉटेलात राहणार म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको, माझ्याही आईने तेव्हा फोनवर विचारलं होतं की तिथे मोठं माणूस कोण असणार आहे.

मग हळूहळू आत या. रोल कॉलला तुमच्या चॅप्टरचं नाव आलं तेव्हा किती जणी उभ्या राहिलात? काही चॅप्टरमध्ये तेव्हा दोनच मुली असायच्या, आणि दोघींनी मिळून शंभर जणींएवढा आवाज काढला ही आठवण मी किमान पाच जणींकडून ऐकलीय, प्रत्येकीची वेगळी. स्ट्रोल, म्हणजे रांगेत तालावर नाचत पुढे जाणं, ते करताना लाइनमध्ये पुढे कोण होतं? बुटांनी दुखलं का? स्टेप (पाय आपटत, टाळ्या वाजवत करायचा नाच) आणि स्ट्रोल ह्या गोष्टी कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींच्या परंपरेतून आल्यात, तर तुम्हाला कुणी शिकवलं हेही विचारा, बऱ्याचदा उत्तरात कॅम्पसवरच्या एखाद्या मैत्रिणीची गोष्ट निघते जी मीटिंगच्या कुठल्याच मिनिट्समध्ये नाही.

साल आठवत नसेल तर बाहेरच्या घटनांचा आधार द्या. कॅलिफोर्नियातल्या लोकांना १९९४ चं प्रपोझिशन १८७ (कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी सेवा नाकारायचा प्रस्ताव) विचारा, ऍरिझोनावाल्यांना २०१० चा एसबी १०७० (पोलिसांनी स्थलांतरितांची कागदपत्रं तपासायचा कायदा), ज्यांना डाका (लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) लागू झालं त्यांना २०१२ चा जून विसरताच येत नाही, पोर्तो रिकोशी नातं असलेल्यांना सप्टेंबर २०१७ चं मारिया वादळ. त्या वादळाच्या आधीचं कन्व्हेन्शन की नंतरचं, एवढं विचारलं की साल सापडतं, आणि नुसतं साल नाही, त्या वर्षी हॉलमध्ये लोक कशाबद्दल रडत होते तेही.

हातात वस्तू असली तर सगळ्यात उत्तम. निघताना जुनं जॅकेट, पिन, बॅज, प्रोग्रामची पुस्तिका, टी-शर्ट, जे असेल ते घेऊन या म्हणून कळवा. जॅकेटच्या बाहीवरचं लाइन नेम (लाइन म्हणजे एकत्र मेंबर झालेल्यांची तुकडी, तिच्यात प्रत्येकीला मिळालेलं नाव) आणि नंबर मोठ्याने वाचायला सांगा आणि ते नाव कुणी ठेवलं ते विचारा. मग मात्र मधे बोलू नका. शांतता झाली की आपल्याला लगेच पुढचा प्रश्न टाकायची सवय असते, मनात सात-आठ आकडे मोजा, कितीतरी वेळा चांगलं ते त्या शांततेनंतरच येतं.

भाषा

हे लोक एका वाक्यात दोनदा भाषा बदलतात. लिहून काढताना ते तसंच ठेवा, इंग्लिश नीट करायला जाऊ नका. एर्माना म्हणजे बहीण हे बरोबर आहे पण तेवढंच नाही, आपल्याकडे शेजारच्या मुलीला ताई म्हणताना जो हक्क आणि जबाबदारी असते ना, साधारण तसं काहीतरी आहे त्यात, म्हणून शब्द तसाच राहू दे. हाका आणि आरोळ्या, ज्यांना ग्रितो म्हणतात, त्या शब्दांत लिहायच्या भानगडीत पडू नका, त्या ऑडिओचा मिनिट-सेकंद लिहून ठेवा. आणि ज्यांना स्पॅनिश येत नाही त्यांना चुकूनही का येत नाही असं विचारू नका. खूप जणांच्या आई-वडलांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा झालेली असते म्हणून त्यांनी मुलांना ती शिकवलीच नाही, आणि ती जखम अजून ओली असते. त्या स्वतःहून बोलल्या तर ऐका.

फोटोंचं टेबल

एका दुपारी लॉबीत टेबल मांडा, जुने फोटो पसरा, आणि बाजूला रेकॉर्डर चालू आहे असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दोन-तीन जणी जमल्या की भांडण सुरू होतं, हे ९६ चं आहे, नाही ग ९७ चं, तुझे केस तेव्हा लाल होते. भांडू द्या. तुम्ही पंच होऊ नका, दोन्ही म्हणणी लिहून घ्या आणि नंतर प्रोग्रामच्या पुस्तिकेशी किंवा फोटोतल्या टी-शर्टशी ताडून बघा. फोटोच्या कोपऱ्यातल्या केशरी तारखेवर फार विश्वास नको, कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलं नसायचं. फोटो तिथल्या तिथे स्कॅन करून परत द्या, ६०० डीपीआय पुरतं, आणि मागची बाजू सुद्धा, कारण नावं मागेच लिहिलेली असतात. व्हीएचएस कॅसेट कुणाकडे असेल तर फोटो नंतर, ती कॅसेट आधी डिजिटल करून घ्या, चुंबकीय टेप घरात पडून पडून खराब होत जाते.

जे आता नाहीत त्यांच्यासाठी त्यांच्या लाइन सिस्टर्सना एकत्र बसवा, एकेकटीला नको. एकटीला ते जड जातं.

मशीनचं थोडक्यात

दोन फोन ठेवा, दोन्ही एअरप्लेन मोडवर, एक बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. शक्य असेल तर वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी. सुरुवातीला त्यांनी स्वतःचं नाव, चॅप्टर, कुठल्या सेमिस्टरला क्रॉस झाल्या ते स्वतःच्या आवाजात सांगायचं. फाइलला तारीख आणि नाव त्याच रात्री द्या, रेकॉर्डिंग ००४ असं नाव ठेवलेली फाइल पुढच्या वर्षी कुणाची ते तुम्हालाही सांगता येणार नाही. तीन कॉपी करा, त्यातली एक दुसऱ्या गावात.

घरी आल्यावर

लिहून काढलेलं आधी त्या व्यक्तीला पाठवा, बाकी कुणालाही नंतर. त्यांनी होकार दिला की एक कॉपी नॅशनल ऑफिसला, एक ज्या युनिव्हर्सिटीत चॅप्टर सुरू झालं तिथल्या लायब्ररीच्या स्पेशल कलेक्शनला विचारून बघा, तिथे विद्यार्थी संघटनांची कागदपत्रं ठेवतात आणि लॅटिनो संघटनांचं बरेचदा फार थोडं असतं. कॉलेजचं नाव बदललं असेल तर बोलणारीने जे म्हटलं तेच ठेवा, कीन कॉलेज १९९७ ला युनिव्हर्सिटी झालं पण सत्तरच्या दशकातली माणसं कॉलेजच म्हणतात, कंसात नवं नाव टाका.

दुरुस्त्या आल्या तर मूळ मजकूर खोडू नका, खाली तारीख घालून जोडा. आमच्या एका जुन्या मेंबरने मजकूर वाचून चार महिन्यांनी मला फोन केला, म्हणाली व्हॅन निळी नव्हती, हिरवी होती, आणि ती माझ्या काकांची होती, त्या दिवशी मी त्यांचं नाव घेतलंच नाही. मी ते तिच्याच आवाजात परत रेकॉर्ड केलं, दीड मिनिटाचं आहे, आणि मूळ फाइलच्या शेजारी ठेवलंय.