महागडा लोच मासा आणलात? आधी त्याची पाठ बघा

म्यानमारचा बोटिया कुबोताई किंवा आपल्या पश्चिम घाटातला बोटिया स्ट्रायटा, हे लोच मासे आणल्या आणल्या मुख्य टँकमध्ये सोडू नका. नदीतून पकडलेले लोच अनेकदा पोटात जंत घेऊनच येतात. वरून निरखून बघा: डोक्यामागे पाठ सुरीच्या पात्यासारखी धारदार दिसते, भरपूर खाऊनही पोट खपाटीला गेलेलं असतं, तर जंतच समजून चला.

वेगळा टँक घ्या. स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, तळ मात्र मोकळा, वाळू नको. लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड हे जंतनाशक औषध लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष ४० लिटर पाण्याला ८०. टँकच्या मापावरून डोस काढला की जास्त पडतो, इथेच बहुतेकांचं चुकतं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो काढा आणि दिवे बंद ठेवा, कारण उजेडात औषध निकामी होतं. २४ तासांनी तळ सायफनने नीट ओढून निम्म्याहून जास्त पाणी बदला, नाहीतर बाहेर पडलेले जंत मासे परत गिळतात. अंडी औषधाने मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तोच डोस द्या.

या काळातही पाच-सहा मासे एकत्रच ठेवा. एकटा लोच पाइपमध्ये दडून बसतो आणि उपाशीच राहतो.